चव्वेचाळीस बाय वीस

साताऱ्यात पिकलबॉल कुठे खेळायचा, हे हल्ली मला भाजी घेताना, हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, कुठेही विचारतात. मी शाळेत पीटीची शिक्षिका होते. मैदानाचं काही विचारायचं असलं की जुने विद्यार्थी अजून ‘बाई’ म्हणत येतात. सासर सातारा आणि माहेर सांगली, त्यामुळे दोन्हीकडच्या खेळायच्या जागा पायाखालच्या आहेत. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा मोबाइलवर पाहिलेल्या निळ्या-हिरव्या झगमगीत कोर्टाचा पत्ता हवा असतो. मी त्याला सांगते, कोर्ट नंतर शोध. आधी तुझ्या जवळचा बॅडमिंटनचा हॉल दुपारी रिकामा असतो का, ते विचारून ये.

यामागे साधं माप आहे. पिकलबॉलचं कोर्ट ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद असतं. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्टही नेमकं तेवढंच, एका इंचाचा फरक नाही. म्हणजे जिथे जिथे बॅडमिंटनचं कोर्ट आखलेलं आहे, तिथे पिकलबॉलचं कोर्ट आधीच जमिनीवर पडलेलं आहे. जिल्ह्याच्या गावांतून, तालुक्यांतून अशी कोर्टं क्रीडा संकुलांत, कॉलेजांत, क्लबांत, कारखान्यांच्या वसाहतींत आहेत आणि दिवसातले कितीतरी तास ती कुलपात असतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबल टेनिसच्या बॅटपेक्षा मोठं, टेनिसच्या रॅकेटपेक्षा लहान असं जाळी नसलेलं पॅडल असतं. बॉल पोकळ प्लॅस्टिकचा, भोकांचा. हॉलमध्ये खेळायच्या बॉलला साधारण २६ मोठी भोकं असतात, उघड्यावरच्या बॉलला ४० लहान. वजन अवघं पंचवीस ग्रॅमच्या आसपास. सर्व्हिस खालून, कंबरेच्या खालीच करायची. सर्व्हिस एका टप्प्यानंतर घ्यायची, त्यावर आलेला परतीचा फटकाही एका टप्प्यानंतरच मारायचा, मग हवेतल्या हवेत मारायची मोकळीक. नेटच्या दोन्ही बाजूंना सात-सात फुटांचा पट्टा असतो, त्याला किचन म्हणतात. त्यात उभं राहून बॉल हवेत मारता येत नाही. या एका नियमामुळे उंच, दांडग्या माणसाला नेटवर चढून ठोकत बसता येत नाही आणि साठीची बाई वीस वर्षांच्या मुलासमोर बरोबरीनं उभी राहते. गेम ११ गुणांचा आणि जिंकायला दोन गुणांची आघाडी लागते.

या खेळाचा जन्मच मुळी बॅडमिंटनच्या कोर्टावर झाला. १९६५ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड यांच्या घरच्या जुन्या कोर्टावर मुलांना काहीतरी खेळायला द्यायचं होतं. बॅडमिंटनचं साहित्य पुरं नव्हतं. म्हणून टेबल टेनिसच्या बॅटी आणि भोकांचा प्लॅस्टिकचा बॉल घेऊन खेळ सुरू झाला. नेट आधी बॅडमिंटनच्या उंचीलाच होतं. बॉल जमिनीवर चांगला उसळतो हे लक्षात आल्यावर ते खाली आणलं. प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम या तिघांनी मग नियम बसवले. मोठं कोर्ट बांधायचा विचारही तेव्हा कुणी केला नव्हता. असलेल्या जागेत, असलेल्या सामानावर हा खेळ उभा राहिला, आणि आपल्यासारख्या गावांनी त्याच्याकडे याच वाटेनं जावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे हा खेळ आणला सुनील वालावलकरांनी. कॅनडात पाहिलेल्या या खेळाची पॅडल आणि बॉल ते २००६ च्या सुमारास मुंबईत घेऊन आले, आणि २००८ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. तेव्हापासून कितीतरी वर्षं हा खेळ मुंबईबाहेर फार कुणाला ठाऊक नव्हता. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईला क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर वर्ल्ड पिकलबॉल लीग झाली आणि गावोगावच्या मोबाइलवर ती पोचली. त्याच वर्षी केंद्रीय क्रीडा मंत्रालयानं इंडियन पिकलबॉल असोसिएशनला राष्ट्रीय महासंघाची मान्यता दिली.

त्या लीगच्या संस्थापकांपैकी एक गौरव नाटेकर. हे नाव वाचून सांगलीकर म्हणून माझा ऊर भरून आला. गौरव १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत लिअँडर पेससोबत टेनिस दुहेरीचं सुवर्णपदक मिळवणारे खेळाडू, आणि नंदू नाटेकरांचे चिरंजीव. नंदू नाटेकर १९३३ साली सांगलीत जन्मले. आधी टेनिस खेळले आणि मग बॅडमिंटनकडे वळले. १९५६ मध्ये त्यांनी क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली, परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांनाच मिळाला. बाप टेनिसकडून बॅडमिंटनकडे गेला, मुलगा टेनिसकडून पिकलबॉलकडे. माझे वडील विश्रामबागेतल्या घरी नंदू नाटेकरांच्या ड्रॉपबद्दल बोलायला लागले की जेवण गार व्हायचं.

आता हॉलमध्ये काय करायचं, ते नीट सांगते, कारण इथेच लोक अडतात. बॅडमिंटनच्या नेटजवळची सर्व्हिसची रेघ नेटपासून साडेसहा फुटांवर असते. किचनची रेघ हवी सात फुटांवर. म्हणजे असलेल्या रेघेच्या मागे सहा इंचांवर, दोन्ही बाजूंना, वीस-वीस फुटांची एकेक पट्टी लावायची. रंगकाम करणारे वापरतात ती कागदी चिकटपट्टी चालते, आणि खेळ झाल्यावर ओढली की मॅटला डाग न ठेवता निघते. मधली रेघ आहे तीच चालते. बाहेरची चौकट आहे तीच. एकेरीच्या बाजूच्या रेघा आणि दुहेरीच्या सर्व्हिसची मागची रेघ तेवढी डोळ्यांआड करायची. नेटचं काम त्याहून सोपं. बॅडमिंटनचं नेट खांबापाशी पाच फूट एक इंचावर असतं, ते सोडून वरची दोरी कडेला तीन फुटांवर बांधायची आणि मधोमध दोन फूट दहा इंच भरेल इतकी सैल ठेवायची. नेटची स्वतःची खोली अडीच फूट, त्यामुळे खाली जेमतेम अर्ध्या फुटाची फट राहते. मधला झोळ मोजायला मी पॅडलच्या दांड्यावर खूण करून ठेवली आहे. आम्ही बायका हॉलवर गेलो की एक जण चिकटपट्टी धरते, दुसरी गुडघ्यावर बसून दाबत जाते, तिसरी नेट बांधते, आणि केस वर बांधून होईपर्यंत कोर्ट तयार असतं.

हॉलवाल्यांची पहिली शंका मॅट खराब होण्याची असते. ती रास्त आहे. बॉल हलका प्लॅस्टिकचा, त्यानं मॅटला काही होत नाही. मॅट खराब होतं बुटांनी. खडबडीत तळाचे, रस्त्यावरून घालून आलेले बूट हॉलमध्ये नेऊच नयेत. पांढऱ्या किंवा गमरंगी रबरी तळाचे, डाग न पाडणारे कोर्ट शूज वेगळ्या पिशवीतून न्यावेत. हे जागेसाठी जितकं, तितकंच घोट्यासाठी. पळायच्या बुटांचा तळ उंच आणि पुढे-मागे जाण्यासाठी केलेला असतो. या खेळात सारखं आडवं सरकावं लागतं, आणि तसे बूट घालून आलेल्या चाळिशीपुढच्या माणसाचा घोटा मुरगळताना मी स्वतः पाहिला आहे.

हॉल मिळाला नाही तर उघड्यावर यावं लागतं, आणि तिथे सातारा आणि सांगली अगदी वेगळी गावं होतात.

साताऱ्याची पहिली अडचण उताराची. गाव अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, उत्तरेकडे उतरत गेलेलं. राजवाडा, पोवई नाका, सदर बझार, गोडोली, कुठेही सलग सपाट आणि टणक जागा म्हटली की शाळेचं पटांगण, नाहीतर पार्किंग. नुसत्या कोर्टाला ४४ बाय २० पुरतं, पण मागे-बाजूला धावायला धरून ६० बाय ३० फूट तरी मोकळी जागा लागते. दुसरी अडचण वाऱ्याची. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे ती त्या वाऱ्याच्या भरवशावरच. पंचवीस ग्रॅमचा भोकांचा बॉल त्या वाऱ्यापुढे काय टिकणार? एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की पश्चिमेकडून वारा सुटतो आणि उंच उडवलेला बॉल शेजारच्या कोर्टात जाऊन पडतो. म्हणून साताऱ्यात मी जागा बघायला जाते तेव्हा आधी भिंत शोधते. पश्चिमेला शाळेची दुमजली इमारत, दाट झाडांची रांग किंवा उंच कंपाउंड असेल ती जागा पहिली. गच्चीवर तर खेळायचा विचारही करू नये. वारा आणि कठडा, दोन्ही वाईट.

थंडीत उघड्या कोर्टावर सकाळी दव असतं. डोळ्यांना दिसत नाही, पण हात फिरवला की कळतं. रंगवलेल्या सिमेंटवर ते साबणाइतकं घसरतं. ऊन चढेपर्यंत थांबावं. त्याच थंडीत बाहेरचा बॉल कडक होतो आणि चिरतो. आम्ही बॉल आत, अंगाशी ठेवून नेतो आणि चिरलेला बॉल लगेच बाजूला काढतो, कारण तो कसाही उडतो. उन्हाळ्यात सांगलीला याच्या उलट. चाळीस अंशांत बॉल मऊ पडतो.

उंचीबद्दलही विचारतात. सातारा साधारण २,३०० फुटांवर, सांगली त्याहून खाली, पाचगणी-महाबळेश्वर चार हजारांच्या वर. टेनिसमध्ये ४,००० फुटांवरच्या गावांसाठी वेगळा बॉल नियमात आहे, कारण त्या बॉलमध्ये दाबानं हवा भरलेली असते आणि उंचीवर तो जास्त उसळतो. पिकलबॉलच्या बॉलला भोकंच असल्यानं तो प्रश्न येत नाही. फक्त विरळ हवेत अडथळा कमी, म्हणून जोरानं मारलेला बॉल पाचगणीला हातभर लांब जातो. शनिवार-रविवार तिकडे खेळायला जाणाऱ्यांनी पहिली दहा मिनिटं नुसतं हात बसवायला द्यावीत.

गावोगावी बॉक्स क्रिकेटची आणि फुटबॉलची टर्फ उभी राहिली आहेत, दिवे आहेत, जाळी आहे, फोनवर वेळ मिळते, म्हणून लोक तिकडे धावतात. पिकलबॉलसाठी ती जागा निरुपयोगी आहे. कृत्रिम गवतावर हा बॉल उसळत नाही, मरतो. टर्फमालकाकडे चौकशी करायचीच असेल तर टर्फच्या बाजूची सिमेंटची पार्किंगची पट्टी विचारावी. दिवे तिथपर्यंत पोचत असतात.

जुनं टेनिस कोर्ट कुठे पडून असेल तर मात्र सोन्याहून पिवळं. मोकळ्या कडा धरून एका टेनिस कोर्टाच्या आवारात पिकलबॉलची चार कोर्टं बसतात. टेनिसचं नेट मधोमध तीन फुटांवर असतं, म्हणजे आपल्याला हवं त्याहून फक्त दोन इंच जास्त. नेट आहे तसं ठेवूनही सराव होतो.

सांगलीत जागा सपाट आणि मुबलक. भाऊ म्हणतो, तुमच्याकडे डोंगर, आमच्याकडे मैदान. पण कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं सिमेंट तडकतं. वरवर कोबा घालून रंगवलेलं कोर्ट एक-दोन पावसाळ्यांत भेगाळतं. भेगेच्या कडेवर पडलेला बॉल भलतीकडे जातो आणि पायही अडकतो. सांगली-मिरजेत कुणी नवं कोर्ट करणार असेल तर काळी माती पुरेशी खोल उकरून काढावी, मुरूम दाबून भरावा, पाणी बाहेर जायला उतार द्यावा, मगच वर पैसे घालावेत. रंगाच्या भपक्यापेक्षा या न दिसणाऱ्या कामाला जास्त खर्च येतो आणि तोच टिकतो. दुसरी गोष्ट पुराची. २००५, २०१९, २०२१ ही वर्षं सांगलीकरांना शिकवावी लागत नाहीत. लाकडी किंवा मॅटच्या तळाचा हॉल गावभागात, नदीच्या अंगाला करू नये. विश्रामबाग, कुपवाडची बाजू बघावी. विश्रामबागेत १९१९ चं विलिंग्डन कॉलेज, १९४७ चं वालचंद अभियांत्रिकी, अशी मोठी आवारं आहेत. कॉलेजमध्ये शिकणाऱ्या मुलांनी आपल्या जिमखान्याकडे अर्ज करावा. त्यांच्याइतकी हक्काची जागा बाहेरच्या कुणालाच मिळणार नाही.

उन्हामुळे सांगलीत छप्पर लागतं. मार्केट यार्डाच्या आणि एमआयडीसीच्या बाजूला जुनी गोदामं आणि शेड रिकाम्या पडलेल्या दिसतात. मधे खांब नसावा आणि छत अठरा-वीस फूट तरी उंच असावं. पत्र्याचं छत असेल तर एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊच्या आत आटपावं.

आणखी एक जागा आहे, जिचा विचार अजून कुणी फारसा करत नाही: मंगल कार्यालय. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात. नेमके तेच महिने साताऱ्यात पावसाचे आणि बाहेर खेळणं बंद असण्याचे. मोठा, बिनखांबी, दिव्यांचा हॉल रिकामा, मालकाला उत्पन्न नाही, आणि आम्हाला जागा नाही. गुळगुळीत फरशीवर थेट खेळायचं नाही, पावसाळी दमटपणात ती घसरते. गुंडाळून ठेवता येणारी पीव्हीसी मॅट घालावी, आणि घडीचं नेट आणावं. ते बावीस फुटांचं असतं आणि एका पिशवीत मावतं. स्टेजची कड आणि काचेची झुंबरं तेवढी बघून घ्यावीत. ओळखीच्या एका कार्यालयात आम्ही हे केलं. मालकांनी भाड्याऐवजी वीज आणि झाडलोट एवढंच घेतलं आणि पुढच्या श्रावणात त्यांच्या सूनबाई स्वतः पॅडल घेऊन उतरल्या.

सोसायटीच्या आवारात खेळणाऱ्यांनी आवाजाचं भान ठेवावं. पॅडलवर बॉल बसला की टक्क असा कडक आवाज होतो, आणि अमेरिकेत कोर्टापासून शंभर फुटांवर तो ७० डेसिबलच्या आसपास मोजला गेला आहे. आपल्याकडे निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ आहे. साताऱ्यातल्या एका सोसायटीत आजारी आजोबांच्या खिडकीखाली रोज पहाटे खेळ चालायचा. भांडण पोलिसांपर्यंत गेलं आणि कोर्टच बंद झालं. दोष खेळाचा नव्हता, जागेचा आणि वेळेचा होता. खिडक्यांपासून लांब, सकाळी सातनंतर आणि रात्री नऊच्या आत, एवढं पाळलं तर शेजारीही खेळायला येतात.

बायकांसाठी जागा बघताना माझी यादी वेगळी असते आणि ती मी ठामपणे मांडते. आत-बाहेर दिवे हवेत. स्वच्छ, आतून कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. रिक्षा मिळेल असा रस्ता हवा. बघ्यांची गर्दी जमेल असा उघडा कठडा नको. उत्तम पृष्ठभागाचं कोर्ट यातल्या एका गोष्टीअभावी बायकांपुरतं बंद होतं, हे मी सगळी नोकरी पाहत आले. मुली खेळ सोडतात त्यांच्या अंगात कसर असते म्हणून नव्हे, कपडे बदलायला जागा नसते म्हणून.

शाळेच्या पटांगणावर कोर्ट आखायचं झालं तर एक खिळा, सुतळी, लांब टेप आणि फक्की एवढं पुरतं. आखणी उत्तर-दक्षिण करावी, म्हणजे जरंड्यावरून वर येणारं ऊन किंवा यवतेश्वरामागे बुडणारं ऊन थेट डोळ्यांत जात नाही. चार कोपरे ठोकून झाले की दोन्ही कर्ण मोजावेत. दोन्ही ४८ फूट ४ इंच भरले की चौकट काटकोनात बसली असं समजावं. एक जरी कमी-जास्त भरला तर खिळा उपटून पुन्हा ठोकावा. सिमेंटवर आखणी जमली की ऑइलपेंटनं दोन इंच रुंदीच्या रेघा मारून टाकाव्यात, म्हणजे दरवेळी फक्की लागत नाही.

साताऱ्यात श्रीमंत छत्रपती शाहू क्रीडा संकुल आणि सांगलीत छत्रपती शिवाजी स्टेडियम, चौकशीची सुरुवात इथूनच करावी, आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. तोंडी विचारणा विसरली जाते. अर्जात चार गोष्टी लिहाव्यात: खेळणाऱ्यांची नावं आणि वयं, कोणत्या रिकाम्या वेळेत जागा हवी, नेट आणि चिकटपट्टी आम्ही आणू व काढून नेऊ, आणि आठवड्यातला एक दिवस आम्ही शाळेच्या मुलामुलींना फुकट शिकवू. चौथं कलम मुख्याध्यापकांना पटतं. दोन पॅडल आणि काही बॉल असा साधा संच दीड-दोन हजारांत येतो, त्यामुळे एका अर्जावर चार घरं मिळून सामान घेता येतं.

माझी शाळांना आणि संकुलांच्या समित्यांना विनंती आहे की असे अर्ज आले तर सकाळचे दोन तास देऊन बघा. परीक्षा आणि मतदान केंद्राचे दिवस सोडून वर्षभर ती जागा रिकामीच असते.